चार टायर आणि नऊ लिंबं

"चाचा, बर्फ पे चलनेवाला टायर है क्या?"

हा प्रश्न वैभवी धामणकरने विचारला तेव्हा साल होतं दोन हजार, महिना नोव्हेंबरचा, गाव शारजा, आणि दुकानाबाहेरच्या फुटपाथवरून मांजरंसुद्धा पाय उचलून उचलून चालत होती! बर्फ या देशात दोनच ठिकाणी मिळायचा, घरच्या फ्रीजमध्ये आणि मासळी बाजारात. त्यावर गाडी चालवायची वेळ आजवर कोणावर आलेली नव्हती.

प्रश्न मुळात तिचा नव्हताच. तो दर्शनाचा आणि ममताचा होता. दुबईतल्या ऊद मेथाच्या शाळेतून शारजाला येणारी बस रोज जॅममध्ये अशी रुतायची, की चढताना दहावीत असलेल्या पोरी उतरेपर्यंत अकरावीत जातात की काय असं वाटावं. अशा वेळी डोक्यात भलभलतं येतं. "बिल्डिंगच्या मागे तो टायरवाला पठाण आहे ना, त्याला जाऊन स्नो टायर मागायचे. आय डेअर यू! दोन शवर्मा माझ्याकडून," दर्शना म्हणाली होती.

दोन महिन्यांपूर्वीची वैभवी असती तर घाबरून वॉटरबॅगच्या आड लपली असती. पण मध्यंतरी वादविवाद स्पर्धेत तिला पहिलं बक्षीस मिळालं होतं. चांगला फूटभर उंचीचा कप! त्या दिवसापासून तिच्या अंगात जे वारं शिरलं होतं, ते काही केल्या बाहेर पडत नव्हतं. ती शेजाऱ्यांशी वाद घालायची, लिफ्टशी वाद घालायची, कोणीच नसलं तर आरशाशी घालायची.

तर समोरच्या ग्रोसरीच्या आइस्क्रीम-फ्रीजमागे दर्शना आणि ममता तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. आता चाचा ओरडणार, पाना घेऊन मागे धावणार, आणि त्याची गोष्ट वर्षभर पुरणार!

लियाकत चाचाने चहाचा पेला खाली ठेवला. दाढीवरून हात फिरवला आणि शांतपणे विचारलं, "साइज़ क्या है?"

वैभवीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"है... है क्या?"

"क्यों नहीं है? रशिया जाने वाला माल है. आ, देख."

आणि खरंच की! दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत कागदात गुंडाळलेली टायरांची चळतच्या चळत! रशियन व्यापारी शारजातून टीव्ही, कोट, पंखे आणि टायर असं सगळं विमानात भरून नेतात, हे तिला त्या दिवशी कळलं. चाचाने एका टायरवर बोट दाबायला सांगितलं. मऊ! पोळीच्या कणकेसारखं!

"ठंड में नरम चाहिए. इधर की सड़क इसको तीन दिन में चाट जाएगी," चाचा म्हणाला. "बेटी, पूछा है तो पूरा सुन के जा."

एका टायरवर बसून वैभवीने पाऊण तास ऐकलं. हायवेचा टायर शरीफ, पण वाळूत बसकण मारणारा. चिखलाचा टायर म्हणजे पहिलवान, दात हे एवढे, पण रस्त्यावर त्याचा आवाज इतका, "कि घरवाली क्या बोली, सुनाई नहीं देगा." आणि या दोघांच्या मधला तो ऑल टेरेन. इथल्या थंडीत लोकांना घरात बसवत नाही. शुक्रवारची सुट्टी आली की निघाले. आधी हायवे, मग वाळू, मग वादी, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या नदीतले दगडगोटे. एकाच दिवसात तिन्ही निभावतो तो हाच टायर. टायरच्या कडेचे आकडे वाचून त्याचं वय कसं ओळखायचं आणि वाळूत रुतलेली गाडी कशी काढायची, तेही त्याने समजावलं. शेवटी चाचाने बोट वर करून सांगितलं, "रेत में हवा आधे से भी कम. और रेत में आगे-पीछे, आगे-पीछे नहीं करने का. निकला तो निकला, नहीं तो खलास!"

वैभवी बाहेर आली तेव्हा मैत्रिणी दोन्ही शवर्मा स्वतःच खाऊन घरी गेल्या होत्या. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. तिला आता टायर कळत होते!

* * *

आता योग बघा. वैभवीच्याच घरात त्याच वेळी एक गृहस्थ दोन महिने टायर घेत होते!

हे गृहस्थ म्हणजे वैभवीचे बाबा, सूर्यकांत धामणकर. फुजैराच्या बंदरात तेलाच्या टर्मिनलवर इंजिनिअर. पोरीच्या शाळेसाठी राहायचे मात्र शारजात, त्यामुळे दर आठवड्याला डोंगर ओलांडून ये-जा. त्यासाठी मायदेशी परत जाणाऱ्या एका स्कॉटिश साहेबाकडून त्यांनी डबल-केबिन पिकअप घेतलं होतं. आईला, म्हणजे विभावरीबाईंना, ते पिकअप अजिबात आवडत नसे. "हळदीकुंकवाला पैठणी नेसून जायचं आणि उतरायचं कशातून, तर टेम्पोतून!"

त्या पिकअपचे टायर आता इतके गुळगुळीत झाले होते, की त्यात बघून केस विंचरता आले असते. पण बाबांना कुठलीही वस्तू पटकन घेता येत नसे. त्यांनी अकरा जणांचा सल्ला घेतला होता. अकराही जणांनी वेगवेगळे टायर सांगितले होते. आता ते बाराव्याच्या शोधात होते.

त्या रात्री जेवताना मात्र विषय टायरचा नव्हता. अकरावीला कुठले विषय घेणार, त्याचा शाळेचा फॉर्म फ्रीजवर मॅग्नेटखाली लटकत होता. शनिवारी द्यायचा होता.

"सायन्स, बायोलॉजीसकट," बाबा आमटी भुरकत म्हणाले. "भरून टाक म्हणजे मी सही करतो."

"मला विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? तुला काय घ्यायचंय?"

"ते मी नंतर सांगेन. आधी हे कबूल करा, की इट्स माय लाइफ अँड आय विल डिसाइड!"

आईच्या हातातला डाव थबकला. "सांगत नाहीये म्हणजे काहीतरी भयंकर आहे हो! नाटकात वगैरे जायचंय का तुला? की ते विमानात ट्रे घेऊन फिरतात ते? देवा, गाणं नाही ना?"

"आई, पॉइंट तो नाहीये! पॉइंट असा आहे की..."

"पॉइंट असा आहे," बाबा म्हणाले, "की निर्णय घेणं म्हणजे पोरखेळ नाही. मी साधे टायर घ्यायला दोन महिने विचार करतोय."

"ते तर मी दहा मिनिटांत निवडून देईन!"

मग वैभवीने तोंड उघडलं आणि पाऊण तासाचं सगळं ज्ञान एका श्वासात बाहेर काढलं. दात, पहिलवान, रबर, हवा! बाबांचा घास हातातच राहिला. पोरीला पाढे म्हणायला सांगावेत आणि तिने चारी वेद म्हणून दाखवावेत, असा त्यांचा चेहरा झाला.

"ठीक आहे!" बाबांनी घास खाली ठेवला. "येत्या शुक्रवारी आपल्या मराठी मंडळाची सहल आहे, वाळूतून पुढे वादीत. टायर तू निवडायचे. गाडी गेली आणि आपल्या चार चाकांवर परत आली, मागून धक्का नाही, पुढून दोरी नाही, तर फॉर्म तुझा. तू लिहिशील त्यावर मी न वाचता सही करेन. आणि धक्का मारावा लागला तर बायोलॉजी. तोंडातून ब्र काढायचा नाही!"

"डन!"

"अहो!" आई किंचाळली. "पोरीचं आयुष्य तुम्ही टायरवर लावताय?"

* * *

गुरुवारी संध्याकाळी खरेदी. दुकानात शिरताच बाबांनी एका चकचकीत टायरवर प्रेमाने हात फिरवला. "हा बघ. किती छान चमकतोय! आणि स्वस्तही आहे."

वैभवी गुडघ्यांवर बसली. टायरच्या कडेला कोरलेले बारीक आकडे तिने नखाने घासून वाचले. "तीन, सहा, सात. म्हणजे छत्तिसावा आठवडा, आणि जुन्या टायरवर सालाचा शेवटचा आकडाच असतो, सात. बाबा, हा सत्त्याण्णवचा आहे. किंवा..." ती थबकली. "...सत्त्याऐंशीचा!"

"सत्त्याऐंशी! तेव्हा तू बोबडं बोलत होतीस!"

"चमकतोय तो पॉलिशने. रबर आतून मेलेलं असणार."

लियाकत चाचाने आढ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे, मग पायांकडे. स्वतःच शिकवलेली विद्या अशी स्वतःच्याच दुकानात अंगावर येईल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. "वो... वो तो ऐसे ही रखा था," तो पुटपुटला आणि आतून चार काळेकुट्ट, न चमकणारे ऑल टेरेन घेऊन आला. "ये ले. इसी साल का. चालीसवाँ हफ़्ता."

बाबांनी वाकून टायरवरचा आकडा वाचला आणि ते मटकन मागच्या चळतीवर बसले. "चार हजार! एकेक टायर चार हजार दिरहम! म्हणजे पन्नास हजार रुपये! चार चाकांचे दोन लाख! अगं, पुण्यात फ्लॅटचं बुकिंग होतं तेवढ्यात!"

"बाबा, ती किंमत नाहीये! चाळिसावा आठवडा, साल दोन हजार. चार-शून्य-शून्य-शून्य!"

खरी किंमत ऐकल्यावर बाबांना इतकं हायसं वाटलं, की आयुष्यात पहिल्यांदाच ते घासाघीस करायला विसरले. लियाकत चाचाला याचा इतका धक्का बसला, की त्याने चौघांना चहा पाजला. तीनच माणसं होती, तरी!

* * *

शुक्रवारी पहाटे सहाला खालून हॉर्न वाजायला लागले. मंडळाचे सेक्रेटरी सतीशकाका लोटलीकर आपल्या नव्याकोऱ्या जीपमधून हातात वॉकीटॉकी घेऊन ओरडत होते, "यल्ला, यल्ला! उन्हं चढायच्या आत पोचायचंय!" त्यांच्या जीपच्या सीटांवर अजून कंपनीचं प्लास्टिक होतं. कोणी त्यावर टेकलं की आधी कुरकुर ऐकू यायची, आणि मग काकांची.

"थांबा! नव्या टायरांची पूजा व्हायचीय!" आई ताम्हन घेऊन धावत खाली आली.

"वहिनी, पूजा तिकडे करू! तिकडे काय देव नाही?"

पाच गाड्या, एकवीस माणसं आणि चाळीस माणसांचं जेवण असा तांडा निघाला. नवे टायर हायवेवर कसे शहाण्या मुलांसारखे पळत होते! वैभवी खिडकीतून मान बाहेर काढून त्यांचा आवाज ऐकत होती. धैद गावाच्या पुढे लाल वाळू सुरू झाली, तिथे सगळे थांबले. वैभवी टुणकन उतरली, पहिल्या चाकाशी बसली, आणि तिने हवा सोडायला सुरुवात केली. फुस्सऽऽऽ!

"अगं बाई!" आईच्या हातातलं ताम्हन निसटता निसटता वाचलं. "अहो, धावा! कार्टी नव्या टायरची हवा काढतेय!"

चारी दिशांनी बायका धावल्या. "विकत घेतलेली हवा?" "नवा टायर पंक्चर केला?" "शाळेत हेच शिकवतात का?" वैभवीने समजावून सांगितलं, की हवा कमी केली की टायर पसरतो, उंटाच्या पावलासारखा, आणि वाळूवर तरंगतो. कोणालाही पटलं नाही. सतीशकाका तर पोट धरून हसले. "आमच्या जीपला असलं काही लागत नाही. फुल हवा, फुल पॉवर!"

टायर बसल्यासारखे झाले. आता फक्त निघायचं! पण आईने पिशवीतून चार लिंबं काढली.

चार चाकांना हळदकुंकू लागलं. उदबत्ती ओवाळली गेली. चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं गेलं. बाबा स्टिअरिंगवर बसले. "गणपती बाप्पा..." "मोरया!" पिकअप पुढे सरकलं.

आणि लिंबं फुटलीच नाहीत!

फुटतील कशी? खाली वाळू! लिंबं आपली अलगद आत दबली, गादीवर झोपल्यासारखी, आणि चाकं त्यांच्यावरून निघून गेली. आईने वाकून एक लिंबू बाहेर काढलं. पिवळंधमक! अंगावर साधा ओरखडा नाही!

आई पांढरीफटक पडली. "फुटलं नाही."

पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात, उभ्या महाराष्ट्रात कोणाच्या गाडीखालचं लिंबू न फुटता राहिल्याचं एकवीसपैकी एकालाही आठवेना. कोणीतरी म्हणालं, "अपशकुनच हो हा." मागून आणखी कोणीतरी म्हणालं, "पहिल्याच गाडीचं! आता आपल्यालाही पुढे जाववणार नाही."

"अहो, मागे घ्या! पुन्हा घ्या!" आईने हुकूम सोडला. बाबांनी गाडी मागे घेतली. लिंबू आणखी खोल गेलं.

"बाबा, नको! वाळूत पुढे-मागे करायचं नसतं! चाचाने सांगितलंय!"

"पुढे घ्या हो!"

बाबा इंजिनिअर होते. त्यांना सगळं कळत होतं. पण लग्नाला अठरा वर्षं झाली होती, आणि त्यांना तेही कळत होतं. त्यांनी गाडी पुढे घेतली. पहिली चार लिंबं आता वाळूत कुठे गेली, कोणालाच सापडेना. सरबताच्या पिशवीतून आणखी चार आली. मागे! पुढे! मागे! बायका मोजायच्या, पुरुष दिशा दाखवायचे, सतीशकाका वॉकीटॉकीवरून ओरडायचे, "थोडं डावीकडे, डावीकडे!" वॉकीटॉकीचा दुसरा सेट त्यांच्याच खिशात होता, त्यामुळे त्यांचंच ओरडणं त्यांच्याच खिशातून परत ऐकू यायचं.

शेवटच्या खेपेला चाकं नुसतीच फिरली. वाळूचं कारंजं उडालं, आणि पिकअप पोटापर्यंत खाली बसलं. म्हशीने पाण्यात बसावं तसं, अगदी समाधानाने!

आठही लिंबं बेपत्ता!

फ्रीजवरचा फॉर्म वैभवीच्या डोळ्यांसमोर फडफडला. टायर चांगले होते! निवड बरोबर होती! आणि आता लिंबापायी...

"चला, चला, धक्का मारू," मंडळाचे सहा-सात काका बाह्या सरसावत पुढे आले.

"हात लावायचा नाही!"

सगळे जागच्या जागी थिजले. वैभवी गाडीच्या मागे दोन्ही हात पसरून उभी होती. ओढणी वाऱ्यावर उडत होती, केसांत वाळू होती, डोळ्यांत आग होती.

"अगं, मदत करतोय..."

"नकोय मदत! काका, प्लीज! कोणी बोट लावलं तरी मी हरले! दोरीसुद्धा नको!"

कारण कोणालाच कळेना. सतीशकाकांनी तोवर उत्साहाने आपली जीप शेजारी आणून उभी केली होती आणि जाड दोर काढला होता. दोर नको म्हटल्यावर ते हिरमुसून परत जीपमध्ये चढले, प्लास्टिक कुरकुरलं, त्यांनी जोरात ॲक्सिलरेटर दाबला. फुल हवा, फुल पॉवर! आणि जीप होती तिथेच खिडकीपर्यंत खाली गेली! आता त्यांना दारही उघडेना. खिडकीतून फक्त त्यांचं डोकं आणि वॉकीटॉकी दिसत होती.

पुढचा अर्धा तास वैभवीने जे केलं, त्याचं वर्णन मंडळात पुढे कितीतरी दिवस चाललं होतं. तिने आधी चारही चाकांची हवा आणखी कमी केली. मग पुऱ्या तळायचा झारा, आमटीचा मोठा डाव आणि श्रीखंडाच्या डब्याचं झाकण घेऊन स्वतः एकटीने चाकांपुढची वाळू उपसली. चाकांपुढे मंडळाची निळी-लाल सतरंजी अंथरली. ("कोषाध्यक्षांना विचारलंत का?" खिडकीतून काका.) मग ड्रायव्हरच्या खिडकीशी गेली.

"बाबा, ती गिअरशेजारची छोटी दांडी ओढा."

"ती? ती मी दोन वर्षांत ओढली नाहीये. मला वाटलं ती शोभेची आहे."

"चारही चाकांना जोर देणारी आहे ती! ओढा. सेकंड गिअर. क्लच हळूच. आणि एकदा सुटली की काही झालं तरी थांबायचं नाही. आईने सांगितलं तरी थांबायचं नाही!"

बाबांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा पोरीकडे. दांडी खट्टकन बसली. इंजिन घुरघुरलं. पिकअप थरथरलं. चाकं सतरंजीला चिकटली, एक इंच, दोन इंच, वीतभर... आणि पिकअपने खड्ड्यातून डोकं वर काढलं! कोणाचा धक्का नाही, कोणाची दोरी नाही!

"निघाली! निघाली!" वैभवीने इतक्या जोरात आरोळी ठोकली, की लांबच्या टेकाडावरचा उंट चरायचा थांबला.

बाबा मात्र थांबले नाहीत. थांबायचं नाही असं सांगितलं होतं ना! ते एक टेकाड चढले, उतरले, दुसरं चढले आणि दिसेनासे झाले. मागे सतरंजीचा एक दोरा वाऱ्यावर लहरत होता. "अहोऽऽ!" करत आई दोन्ही हातांनी साडी धरून त्यांच्यामागे धावत होती. दहा मिनिटांनी ते दुसऱ्याच बाजूने उगवले. चेहरा पंधरा वर्षांच्या पोरासारखा फुललेला! "विभा, गाडी उडतेय गं! अक्षरशः उडतेय!"

मग त्याच पिकअपने, त्याच दोराने, सतीशकाकांची जीप बाहेर ओढली.

आता तरी निघायचं ना? छे! आई गाडीत पाय ठेवायला तयार नव्हती. "लिंबू फुटल्याशिवाय मी बसणार नाही. आणि तुम्हाला बसू देणार नाही."

पिशवीत शेवटचं, नववं लिंबू उरलं होतं. कोणाला काही सुचेना. वैभवीने डोळे मिटले. राग गिळला. मग पुऱ्यांच्या सामानाकडे गेली आणि पोळपाट घेऊन आली.

"आई, हा खाली ठेव. त्यावर लिंबू."

आईने पोळपाटाकडे पाहिलं, मग लेकीकडे. तिच्या नजरेत पहिल्यांदाच काहीतरी वेगळं चमकलं. पोळपाट वाळूत बसवला, वर लिंबू. एकच चाक, एकच लिंबू. "मोरया!" पिकअप सरकलं.

फाट्टऽऽ!

"टायर फुटला!" सतीशकाका आनंदाने ओरडले.

वैभवी चाकाकडे बघूच शकेना. संपलं. बायोलॉजी. ब्र काढायचा नाही. आईने हळूच खाली वाकून पाहिलं.

"टायर नाही," आई म्हणाली. "पोळपाट. दोन तुकडे." आणि मग तिच्या चेहऱ्यावर सकाळपासूनचं पहिलं हसू पसरलं. "आणि लिंबू! लिंबू फुटलं हो!"

लिंबाचा रस सतीशकाकांच्या डोळ्यात उडाला होता, पण त्या जल्लोषात कोणाचं तिकडे लक्षच गेलं नाही.

* * *

वादीतले दगडगोटे टायरांनी चणे-फुटाणे चावावेत तसे पार केले. पोळपाटच फुटल्यामुळे पुऱ्या कोणाच्या जगाच्या नकाशासारख्या झाल्या, कोणाच्या चपलेसारख्या. परत येताना चाकांत हवा भरून पिकअप हायवेला लागलं, आणि संध्याकाळी पाच वाजता स्वतःच्या चार चाकांवर शारजाच्या बिल्डिंगखाली उभं राहिलं.

बाबांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. कोणीच उतरेना.

"कबूल केलं होतं मी," बाबा समोरच्या काचेतून बघत म्हणाले. "फॉर्म तुझा. काय हवं ते लिही. मी वाचणारही नाही."

"मी वाचणार आहे!" आई म्हणाली. तिने बाबांचा हात घट्ट धरला. "सांगून टाक बाई एकदाचं. माझी तयारी आहे. नाटक असलं तरी चालेल. गाणं असलं तरी मी... मी पुण्याला फोन करून सांगेन सगळ्यांना. अगदीच ते टायरचं दुकान काढायचं असेल तरी..." तिने पदर तोंडाला लावला.

वैभवी मागच्या सीटवर ताठ बसली. फूटभर कप घेताना उभी होती तितकीच ताठ. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. आज या घरात तिला पहिल्यांदाच कोणीतरी खरोखर विचारत होतं, आणि उत्तराची वाट बघत होतं. तो क्षण तिने मनसोक्त ताणला.

"आई, बाबा," ती म्हणाली, "मी पूर्ण विचार केलाय. आता यात कोणीही मध्ये बोलायचं नाही. मी अकरावीला सायन्स घेणार. बायोलॉजीसकट! अँड दॅट इज माय डिसिजन!"